गोठ्यातील वैरी आणि मातीतील मित्र



पालघर जिल्ह्यात मोखाडा तालुक्यातील पोशेरा आणि भोवतालचा जव्हार-मोखाड्याचा डोंगरपट्टा दिवाळीच्या तोंडावर वाघबारस साजरी करतो. गुरे सुखरूप राहावीत म्हणून वाघोबाला साकडे घातले जाते. आज मात्र गुरांचा रोजचा वैरी वाघ नव्हे, माशी आहे.

गोठ्यातील चावरी माशी दिसायला घरमाशीसारखीच. पण तिच्या नर-मादी दोघांनाही रक्त लागते. जनावर पाय आपटत राहते, वैरण टाकते आणि दूध आटवते. ‘सर्रा’सारखा रक्तरोग चावऱ्या माश्या पसरवतात. २०२२ साली महाराष्ट्रात थैमान घालणाऱ्या लम्पी त्वचारोगाच्या फैलावातही रक्तशोषक कीटकांचा हात होता. ज्याच्या दावणीला एकच बैलजोडी आहे, त्याचा बैल ऐन चिखलणीत बसला, तर वर्षाची भाकरीच धोक्यात येते.

उडणाऱ्या माशीवर औषध फवारणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे होय. तिचे मूळ शेणात आणि भिजून कुजलेल्या पेंढ्यात असते. तिथेच अळी वाढते. शिवाय फवाऱ्यांना माशा सरावतात.

अळीला गाठणारा मित्र मातीतच आहे. ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ हा जिवाणू जपानमध्ये इशिवाता यांना १९०१ साली आजारी रेशीमकिड्यांत आढळला. जर्मनीत बर्लिनर यांनी त्याला हे नाव दिले. त्याचे प्रथिनस्फटिक अळीच्या पोटात गेले, की तेथील अल्कधर्मी रसात विरघळतात, आतड्याच्या पेशी फुटतात आणि अळी मरते. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात डासांच्या अळ्या मारणारा त्याचा प्रकार सापडला. पश्चिम आफ्रिकेत नदीकाठच्या लोकांना अंध करणाऱ्या रोगाच्या काळ्या माशीवर तोच वापरला गेला. पुदुच्चेरीच्या कीटकजन्य रोग संशोधन केंद्रानेही डासांसाठी त्याचा देशी वाण सिद्ध केला.

मग गोठ्यात काय? येथे सावधपणा हवा. पाण्यातील डासाच्या अळीवर रामबाण ठरणारा वाण घट्ट शेणातील माशीच्या अळीवर तितका चालत नाही. त्यासाठी वेगळे वाण शोधण्याचे आणि खाद्यातून जिवाणू देऊन ते शेणात उतरवण्याचे प्रयोग झाले आहेत. काही वाण ‘बीटा-एक्झोटॉक्सिन’ नावाचे विष स्रवतात. त्याने माशी मरते. पण ते सस्तन प्राण्यांनाही घातक असते. म्हणून ‘जैविक’ एवढा शब्द वाचून कोणतीही पुडी गोठ्यात उधळू नये. नोंदणी आणि लेबल पाहावे, पशुवैद्यकाला विचारावे.

जिवाणू हा सफाईचा साथीदार आहे, पर्याय नव्हे. उन्हाळ्यात घरमाशी अंड्यापासून आठ-दहा दिवसांत पंख पसरते. म्हणून आठवड्यातून किमान दोनदा शेण आणि ओला पेंढा गोठ्याबाहेर काढावा, खड्ड्यात झाकून कुजवावा, मूत्राला निचरा द्यावा. खेड्यांत सेवाकार्य करणाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी एवढे घरोघर पोहोचवावे. वसुबारसेला गाईच्या कपाळी कुंकू लावणाऱ्या हातांनी तिच्या पायाखालचा ओला पेंढाही उचलावा. गोसेवा तिथूनच सुरू होते.