सभागृहातील आसन आणि घरातील कंत्राट



बिलोलीच्या श्रोत्यांना मांजरा नदीची ओळख करून देण्याचे कारण नाही. या नदीच्या लाल रेतीची कीर्ती तेलंगणापर्यंत पोहोचलेली आहे. परंतु आजचा विषय रेतीच्या चोरीचा नाही; तो त्याच्याही अलीकडचा आहे. रेतीघाट, नाली, सिमेंटचा रस्ता, शाळेची खोली यांचे ठराव ज्या सभेत होतात, त्या सभेत हात वर करणाऱ्याचा ट्रॅक्टर, जेसीबी किंवा भावाचा ठेका त्या ठरावामागे उभा असतो काय, हा आजचा प्रश्न आहे. लाच घेणाऱ्याला समाज गुन्हेगार मानतो. आसनाचा उपयोग घरच्या धंद्यासाठी करणाऱ्याला मात्र तोच समाज ‘कामाचा माणूस’ म्हणतो, आणि दुखणे नेमके येथे आहे.

ही चिंता नवी नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजकोशाच्या अपहाराचे 40 प्रकार मोजून ठेवले आहेत. महाराष्ट्राला तर रामशास्त्री प्रभुण्यांची आख्यायिका पाठ आहे. पेशव्यांच्या वाड्यातून अलंकारांनी मढून, पालखीत बसून परतलेल्या आपल्या पत्नीला शास्त्रीबुवांनी ओळखच दिली नाही, असे सांगतात. ती कथा इतिहासाच्या कसोटीवर किती टिकेल हा अभ्यासकांचा प्रश्न. पण आपल्या आजोबा-पणजोबांना ती सांगावीशी वाटली, कारण न्यायासनाला लागणारा डाग पुष्कळदा घराच्या दारातून येतो हे त्यांना कळत होते.

कायद्यालाही ते कळते, पण त्याचा हात तोकडा आहे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम 14 नुसार, पंचायतीच्या कामात वा कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे, स्वतः अथवा भागीदारामार्फत हितसंबंध असणारा माणूस सदस्य राहू शकत नाही. नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमातही अपात्रतेची तरतूद आहे. शब्द स्पष्ट दिसतात. मग घोडे अडते कोठे? ‘अप्रत्यक्ष’ या एका शब्दापाशी.

विदर्भातील शेगावचे प्रकरण 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. उमेदवाराचा मुलगा नगरपालिकेच्या नोकरीत होता. बाप-लेकाचे नाते आहे म्हणजे बापाचा हितसंबंध आलाच काय? न्यायालयाने सांगितले, नुसत्या नात्यावरून तसे मानता येणार नाही. हा निकाल न्याय्यच होता. ज्या गावात अर्धी वस्ती एकमेकांची सोयरी, तेथे नाते हाच गुन्हा ठरवला तर पंच म्हणून बसायला माणूस मिळणार नाही.

आता गोव्याकडे पाहावे. तेथील एका पंचायत सदस्य महिलेचे पती पंचायतीची कामे कंत्राटाने करीत. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला अपात्र ठरवले. कारण असे की गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेप्रमाणे पती-पत्नीची मिळकत सामाईक असते. म्हणून पतीच्या कंत्राटात पत्नीचा वाटा आपोआप आला. बिलोली तालुक्यात ती संहिता नाही. येथे सरपंचबाईंच्या यजमानांनी कंत्राट घेतले तर त्यांचा हितसंबंध पुराव्याने सिद्ध करावा लागतो. चूल एक, तिजोरी एक, आणि कायद्यापुढे मात्र दोन स्वतंत्र व्यक्ती! 2011 मध्ये महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत महिलांना निम्म्या जागा दिल्या. तो निर्णय योग्यच होता. परंतु त्याच्या आडून ‘सरपंचपती’ नावाचे जे पद घराघरांत निर्माण झाले, त्याने बाईंची सही आणि यजमानांचे बिल एकाच टेबलावर आणून ठेवले.

अतिक्रमणाच्या बाबतीत कायद्याचा हात थोडा लांब झाला आहे. सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो. मूळ अतिक्रमण सासऱ्याने किंवा पतीने केले असेल तर? 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, अपात्रता मूळ अतिक्रमण करणाऱ्यालाच. पुढच्याच वर्षी, 2018 मध्ये, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे मत फिरवले: कुटुंबाच्या अतिक्रमणाचा उपभोग घेत राहणारा सदस्यही अपात्र. म्हणजे घर आणि आसन यांच्यातली भिंत कागदापुरती आहे, हे निदान जमिनीच्या बाबतीत मान्य झाले.

मग नाते गुन्हा नाही आणि हितसंबंध तर सुटत नाही, अशा वेळी मार्ग कोणता? मार्ग साधा आहे, म्हणूनच अवघड आहे: आधी सांगावे, आणि विषय पुकारला की उठून जावे. इंग्लंडमध्ये 2011 च्या कायद्याने प्रत्येक नगरसेवकाला आपले आणि जोडीदाराचे आर्थिक हितसंबंध जाहीर नोंदवहीत लिहावे लागतात. जाणूनबुजून लपवले तर तो फौजदारी गुन्हा होतो. आपल्याकडे उमेदवारी अर्जासोबत संपत्तीचे शपथपत्र द्यावे लागते. निकाल लागला की ते शपथपत्र पुन्हा उघडून वाचणारे किती?

येथे कार्यकर्त्यांनी थोडे कठोर होऊन स्वतःकडे पाहावे. विरोधी गटाच्या सदस्याच्या मेहुण्याला ठेका मिळाला की निवेदने निघतात, तहसीलसमोर धरणे होते. आपल्या विचाराचा माणूस निवडून आला आणि त्याच्या पुतण्याने रस्त्याचे काम घेतले, की ‘बाहेरच्याने खाण्यापेक्षा आपला पोरगा काम चांगले करील’ असे समर्थन तयार असते. पोरगा काम चांगले करीलही. पण कामाचा दर्जा तपासून बिल मंजूर करण्याच्या वेळी काका कोणत्या बाजूला बसणार? रस्ता पहिल्या पावसात उखडला, तर तक्रार घेऊन गावाने कोणाच्या ओट्यावर जायचे?

वाळूची धोरणे बदलत राहतात. 2023 मध्ये शासनाने डेपोवरून 600 रुपये ब्रासने वाळू देण्याचे ठरवले, 2025 मध्ये पुन्हा लिलावाकडे मोहरा वळवला. ग्रामसभेचे इतिवृत्त मात्र गावातच राहते. ठरावाचा सूचक कोण, अनुमोदक कोण, हे त्यात लिहिलेले असते. काम कोणाला मिळाले, मोजमाप पुस्तिकेवर सही कोणाची, बिल कोणाच्या नावे निघाले, हे कागदही कार्यालयात असतात. 2005 च्या माहितीच्या अधिकाराने ते 10 रुपयांच्या अर्जावर मागता येतात आणि 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. पुढच्या ग्रामसभेपूर्वी हे कागद शेजारी शेजारी ठेवून आडनावे वाचण्यास एक संध्याकाळ पुरेल. पहिला अर्ज आपल्याच माणसाच्या कामाबद्दल करावा.