ओ नसलेले ओ

चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या मराठी मंडळींपुढे दुर्मीळ केसबद्दल बोलायचे ठरले, तेव्हा मला लांब जावे लागले नाही. ही केस मुंबईची, परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातली. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि लंडनमधले त्यांचे सहकारी यांनी १९५२ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये मांडली.

अपघातात सापडलेला एक रेल्वे कामगार आणि सुरा भोसकलेला एक माणूस. दोघांनाही रक्त हवे होते आणि कुणाचेच जुळेना. त्यांच्या लाल पेशींवर ना ए सापडे ना बी, म्हणजे गट ओ म्हणायचा. पण त्यांचे सीरम ओ गटाच्या पेशींमध्ये मिसळले, की त्यांच्याही गुठळ्या होत. ओ गटाच्या पेशी कुणालाही चालतात, हे आम्ही डॉक्टर विद्यार्थिदशेतच पाठ करतो. या दोघांना मात्र त्या घातक होत्या.

यातून कळले ते असे. ए आणि बी या खुणा पेशीवर थेट उमटत नाहीत. त्याआधी एच नावाचा पाया लागतो आणि तो फ्यूकोज या साखरेने पुरा होतो. ओ गटाच्या माणसात हा पाया उघडा असतो. या दोघांत तो नव्हताच. ज्याच्या अंगात एच नाही, त्याचे शरीर एचलाच परके मानते आणि तुमच्याआमच्या सगळ्यांच्या लाल पेशींवर हल्ला करते. त्याला फक्त त्याच्याच गटाच्या माणसाचे रक्त चालते. जगभर याला ‘बॉम्बे’ गट म्हणतात. मुंबईत साधारण दहा हजारांत एक, असा त्याचा अंदाज सांगतात.

इथे जरा थांबतो, कारण पुढचा भाग रक्तपेढीच्या बाहेरचा आहे. बॉम्बे गटाच्या स्त्रीकडे ए गटाचे जनुक असू शकते. पाया नसल्याने ते तिच्यात दिसत नाही. नवरा साधा ओ गटाचा असेल, तर एच त्याच्याकडून येतो आणि मूल ए गटाचे जन्मू शकते. कागदावर आई ओ, बाप ओ, मूल ए! दोन ओ आईबापांना ए मूल होत नाही, या नियमावर बोट ठेवून अशा बाईच्या चारित्र्यावर संशय घेतला, तर तो घोर अन्याय ठरेल. म्हणून रक्तगटाच्या एका चिठ्ठीवरून कुणाच्याही आईबापाबद्दल निर्णय देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

एच न बनवणारे हे जनुक अप्रभावी आहे. दोन्हीकडून आले तरच दिसते. नात्यातल्या लग्नांत तो योग वाढतो. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न, इकडे तमिळनाडूत तर मामा-भाचीचेही; तंजावरहून आलेल्या आपल्या घरांनी दोन्हीकडच्या चालीरीती पाहिल्या आहेत.

तेव्हा रक्तपेढीत एवढे विचारा: पेशींबरोबर सीरमचीही तपासणी केली का, आणि तीत ओ पेशी घेतल्या होत्या का? ओ पेशी घेतल्या नाहीत, तर बॉम्बे गट सरळ ओ म्हणून नोंदला जातो. घरात कुणाचा हा गट निघालाच, तर सख्ख्या भावंडांना आधी तपासा. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता चारांत एक असते. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल, तर रुग्णाचे स्वतःचेच रक्त आधी काढून ठेवता येते. ते फार दिवस ठेवायचे असेल, तर लाल पेशी ग्लिसरॉल घालून गोठवतात.