पाठीचा कणा दुखावतो तेव्हां

मी वैद्य नव्हे; उभा जन्म खडू-फळ्यांत गेलेला शाळामास्तर. परंतु आमचें गोखिवरें तुंगारेश्वराच्या डोंगराजवळ. तालुक्यांत ताडमाडांवर चढणारे लोक आहेत, जिकडे तिकडे इमारतींच्या परांच्या उभ्या आहेत, आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गही जवळच. माणूस उंचावरून पडणें वा वाहनाखालीं सांपडणें हें आम्हांस नवें नाहीं.

असा कोणी पडला कीं चौघे धांवतात. एक बगलेंत हात घालतो, दुसरा पाय उचलतो, आणि मधला देह पोत्यासारखा लोंबकळत रिक्षांत कोंबला जातो. हेतु निर्मळ असतो. पण कांहीं वेळां पडण्यानें जें झालें नाहीं तें ह्या उचलण्यानें होतें.

तें कसें, तें पाहूं. जन्मतः आपल्या कण्यांत ३३ मणके असतात. पुढें खालचे कांहीं एकमेकांस जुळून जातात. ह्या मणक्यांच्या पोकळींतून सुमारें दीड फूट लांबीचा, करंगळीएवढा मज्जारज्जू उतरतो. मेंदूची आज्ञा खालीं आणि त्वचेची वार्ता वर, सारी येथूनच जाते. मानेंत इजा झाली तर हातपाय दोन्ही लुळे पडतात, कधीं श्वासही अडतो. पाठींत झाली तर पाय जातात. मणका मोडला असूनही रज्जू शाबूत असूं शकतो, आणि तेवढ्यांत रोग्याची मान वा कंबर वांकविली कीं मोडक्या हाडाची कड त्या रज्जूंत शिरते.

म्हणून पडलेल्यास, आग वा रहदारीचें भय नसेल तर, जागचा हलवूं नये. डोकें दोन्ही हातांनीं स्थिर धरावें, पाय हलतात का, बधिरता आहे का, हें विचारावें, आणि १०८ क्रमांकास दूरध्वनि करावा. हलविणें भागच असेल तर तिघा-चौघांनीं मान, पाठ व पाय एका रेषेंत ठेवून ओंडक्यासारखें एकदम वळवावें व सपाट फळीवर घ्यावें. हाडवैद्याकडून चोळून घेण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा.

रुग्णालयांत मणके सळया व स्क्रू घालून स्थिर करतात, रज्जूवरील दाब काढतात. रज्जू पूर्णपणें तुटला नसेल तर कांहीं शक्ति परत येते. तुटलेले तंतू पूर्ववत् जोडणारें औषध मात्र आजवर सिद्ध झालेलें नाहीं. तसें सांगून पैसे उकळणारे पुष्कळ भेटतात.

आणि तरीही हा रोगी मरणाचा धनी नव्हे. पूर्वीं असे रोगी बहुधा शय्याव्रणांनीं व मूत्रमार्गाच्या विकारांनीं दगावत. १९४४ सालीं इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें डॉ. लुडविग गुटमन ह्यांनीं ठराविक वेळानें कूस बदलण्याचा कडक नियम घातला, मूत्राशयाची निगा राखली, आणि रोग्यांस खेळावयास लावलें. १९४८ सालीं तेथें चाकाच्या खुर्चींतील खेळाडूंचे सामने झाले. पॅरालिंपिकचा उगम तोच.

त्याचें फळ आपल्या महाराष्ट्रानें पाहिलें आहे. सांगली जिल्ह्यांतील पेठचे मुरलीकांत पेटकर सैन्यांत मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धांत त्यांस गोळ्या लागल्या. एक कण्यापाशीं रुतली, आणि पायांतील शक्ति गेली. उपचार म्हणून ते पोहूं लागले, आणि १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें ५० मीटर पोहण्यांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. अशा जायबंदी सैनिकांसाठीं पुण्याजवळ खडकी येथें पुनर्वसन केंद्र आहे. इतरांसाठीं मुंबईस हाजी अली येथें १९५५ पासून सरकारी संस्था आहे.

घरच्यांचें काम मात्र रुग्णालयांतून परतल्यावर सुरू होतें. अंथरुणांत असतां दर दोन तासांनीं कूस बदलावी, खुर्चींत बसलेल्यानें त्याहून पुष्कळ लौकर भार हलवावा. टांचा, माकडहाड व कुल्हे रोज उजेडांत पाहावे; कारण रोग्यास वेदना कळत नाहीं, आणि लाल डाग दोन दिवसांत जखम होतो. मूत्रनळीची स्वच्छ रीत परिचारिकेकडून शिकून घ्यावी. आणि न्हाणीघराचें दार खुर्चीच्या रुंदीशीं आधींच मोजून पाहावें. आमच्याकडील जुन्या घरांतून तें बहुधा अरुंदच निघतें.