तळ्यातला जीव आणि गुणसूत्राचं टोक

जबलपूर म्हणजे बावन्न तालांचं, तळ्यांचं गाव. अधारताल, हनुमानताल आपल्या तोंडी रोजचेच. अशाच गोड्या पाण्यात राहणाऱ्या टेट्राहायमेना या एकपेशीय जीवानं एक कोडं सोडवलं. पेशी विभागण्याआधी डीएनएची नक्कल होते, पण अगदी शेवटचं टोक पुरतं उतरत नाही. म्हणून तिथं एकच मजकूर पुन्हापुन्हा असतो. माणसात तो टीटीएजीजीजी. हे टेलोमिअर. साडीच्या पदराचे गोंडेच म्हणा ना! झिजले तर ते झिजतात, वीण शाबूत राहते. झीज भरून काढणाऱ्या टेलोमरेज या विकराची पहिली खूण याच टेट्राहायमेनात, एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या प्रयोगशाळेत कॅरल ग्रायडरना दिसली, १९८४च्या ऐन नाताळात. आपल्या बहुतेक पेशींत ते जवळजवळ बंद असतं. कर्करोगाच्या बहुतेक गाठींत मात्र चालू.