सुंभ जावा, पीळ राहावा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कला शाखेचा पदवीधर. सरकारी फायलींच्या निमित्ताने वस्त्रविद्येशी थोडा परिचय झाला आणि सूत आता माणसाच्या शरीरात शिरू पाहत आहे, हे कळले. त्याविषयी चार शब्द बोलावेत अशी कार्यवाहांची इच्छा आहे. सभेतील डॉक्टर मंडळींनी सांभाळून घ्यावे.

स्नायूला हाडाशी जखडून ठेवणारी जी चिवट दोरी, ती कंडरा. सुश्रुतसंहितेत सोळा कंडरा सांगितल्या आहेत. आपण मात्र हा शब्द जवळजवळ विसरून गेलो आहोत. टाचेच्या वर मागच्या बाजूला चिमटीत धरता येते, ती शरीरातील सर्वांत जाड कंडरा. कोलॅजेन ह्या प्रथिनाचे तीन पेड एकमेकांभोवती वळून एक रेणू होतो, अशा रेणूंचा तंतू, तंतूंची जुडी आणि जुड्यांची दोरी. आपल्या लेकींची तिपेडी वेणीच म्हणा ना! ह्या तिपेडी रचनेचा आराखडा १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था ह्यांनी मांडला, ही आपणा भारतीयांना अभिमानाची गोष्ट होय.

ही दोरी तुटली तर पंचाईत असते. तिच्यात पेशी थोड्या, रक्तपुरवठा बेताचा. त्यामुळे ती सावकाश सांधते, आणि सांधल्या जागी तंतू वेडेवाकडे पडून व्रण होतो. त्याला मूळची ताकद नसते. हाडाला हाड बांधणारा अस्थिबंध हा कंडरेचा सख्खा भाऊ. खो-खो किंवा कबड्डी खेळताना गुडघ्यातला अस्थिबंध तुटला, तर शल्यविशारद पुष्कळदा मांडीच्या मागची कंडरा काढून तेथे बसवतात. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर! उपाय चांगला आहे, पण टोपी कोणाची तरी जातेच.

मग कृत्रिम धागाच कायमचा का बसवू नये? १९७० ते १९९० च्या दरम्यान पाश्चात्त्य देशांत कार्बनचे व डेक्रॉनचे अस्थिबंध गुडघ्यात बसवून पाहिले गेले. आरंभी रोगी चालू लागले. पुढे धागा हाडावर घासून झिजला, तुटला, त्याच्या कणांनी सांधा सुजला. निर्जीव धाग्याची डागडुजी शरीर करू शकत नाही, हे त्यातून पुरते कळले.

ह्या अनुभवानंतर विचाराची दिशा पालटली. धागा कायमचा नको, दुधीच्या वेलाला घालतात तसा मांडव म्हणून हवा. पेशी त्यावर चढाव्यात, धाग्याच्या दिशेने पसराव्यात, स्वतःचे कोलॅजेन विणावे आणि तोवर मांडव विरून जावा. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असे आपण हेकट माणसाला हिणवून म्हणतो. येथे शास्त्रज्ञांना नेमके तेच साधायचे आहे! धागे सरळ रेषेत नसतील तर पेशीही सैरावैरा पसरतात आणि पुन्हा व्रणच पदरी पडतो. म्हणून कोणी धाग्यांची वेणी घालतात, कोणी ते विणतात. कोणी हजारो व्होल्ट विजेच्या ओढीने केसाहून कितीतरी बारीक तंतू काढून ते फिरत्या पिंपावर गुंडाळतात.

२००२ साली अमेरिकेतील टफ्ट्‌स विद्यापीठाच्या संशोधकांनी ह्या कामी रेशीम घेतले. पैठणीचे रेशीम रंगवण्यापूर्वी उकळून त्यावरचा चिकट सेरिसिन काढतात, तसाच त्यांनी तो काढला, कारण शरीर त्यालाच सहन करीत नाही. मग उरलेल्या तंतूला तारेच्या दोराप्रमाणे पेडावर पेड देऊन पीळ घातला. त्याचे बळ माणसाच्या अस्थिबंधाच्या जवळपास गेले. असे रेशीम शरीरात सुमारे वर्षभरात आपली ताकद हळूहळू सोडते. नव्या ऊतीला तेवढी उसंत मिळते.

आपल्या दिल्लीतही, हौजखासच्या आयआयटीत, सौरभ घोष ह्यांच्या प्रयोगशाळेने कंडरेच्या जवळच्या नात्यातला एक प्रश्न हाती घेतला. मणक्यांमधील चकतीच्या कड्यात कोलॅजेनचे थर एकाआड एक उलट तिरके असतात. खास बनवलेल्या गुंडाळणी यंत्राने रेशमाचे तसेच थर रचल्याचे काम २०१२ साली प्रसिद्ध झाले. हे काम वस्त्रविद्येच्या विभागात झाले, हे मला विशेष वाटते. विणकराची विद्या हलकी मानणाऱ्यांनी तेथे एकदा जाऊन यावे.

अडचणी पुष्कळ आहेत. नव्या कंडरेला वाढतानाच ताणाची सवय लागावी लागते, म्हणून प्रयोगशाळेत तिला यंत्राने हळूहळू ओढत ठेवतात. धागा लवकर विरला तर दोरी तुटते, उशिरा विरला तर नवी ऊती आळशी राहते. सर्वांत अवघड ते हाडाकडचे टोक: तेथे मऊ कंडरा क्रमाक्रमाने कठीण होत हाडात मिसळते, आणि तशी गाठ मारणे अद्याप साधलेले नाही.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील खांदेदुखीने, गुडघेदुखीने त्रस्त आहेत. ‘मूळ पेशींनी नवी कंडरा करून देतो’ असे सांगणारा कोणी भेटला, तर एवढे ध्यानात असू द्यावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांतील रोपण वगळता मूळ पेशींचा वापर हा मान्य उपचार नव्हता. तो रीतसर चाचणीतच करता येत असे. अशा चाचणीची सरकारी नोंदवहीत नोंद असते आणि तीत भाग घेणाऱ्या रोग्याकडून पैसे घेत नाहीत. तेव्हा आधी नोंदणी क्रमांक विचारावा, आणि मागाहून पावती.