काटा खरा हवा

मुंबईत कांदिवलीला अमोल यादव यांनी गच्चीवर विमान बांधलं. २०१६ साली ते प्रदर्शनातही मांडलं होतं.

अशा घरी बांधलेल्या विमानात पायलटपुढे काट्यांचं पॅनल असतं. वेगाचा काटा समोरून नळीत शिरणाऱ्या हवेच्या दाबावर चालतो, उंचीचा काटा बाहेरच्या हवेच्या दाबावर. वर जाऊ तसा दाब कमी होतो. नळी गळली किंवा कुंभारमाशीने तिच्यात घर केलं, की काटा खोटं बोलतो. मग जिवावरच बेततं. म्हणून आधी नळ्यांची गळती तपासतात. प्रत्येक वायरला नाव लावतात, उपकरणांना वेगवेगळे फ्यूज देतात. वायर थोडी सैल ठेवतात, म्हणजे दुरुस्तीला पॅनल बाहेर ओढता येतं.

आम्हाला हे लगेच पटलं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या मिरची कांडपाची मोटर जळाली. व्होल्टेजचा काटा अडकलेला, कुठली वायर कशाची तेही कळेना. ऐन हंगामात बारा दिवस कांडप बंद आणि डोक्यावर बँकेचा हप्ता! आता आम्ही रोज काटा बघूनच बटण दाबतो. वायरींना चिठ्ठ्याही लावल्यात.

तुमच्या यंत्राचा काटा शेवटचा कधी तपासलात? उद्या बघाच.