मेदयुक्त यकृत आणि वजन घटविणारी इंजेक्शने : उपचाराला विवेकाची जोड

(आरोग्य प्रबोधन वर्गात झालेल्या व्याख्यानाचा शब्दांकित सारांश)



पोटाच्या सोनोग्राफीच्या अहवालात अनेकदा शेवटी एक ओळ असते, ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’. बहुतेक घरांत ती वाचली जाते आणि अहवाल कपाटात जातो. दुखत नाही, खुपत नाही, मग चिंता कशाची? परंतु यकृताचा स्वभावच असा की, ते तक्रार फार उशिरा करते. प्रथम मेद साठतो. काहींच्या बाबतीत पुढे दाह सुरू होतो. दाहाने यकृतात तंतू निर्माण होतात आणि अखेरीस सिऱ्हॉसिसची अवस्था येते. मद्याला कधी स्पर्शही न केलेल्या गृहिणीला आणि शिक्षकालाही हा विकार होतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा समावेश केला. देशातील ९ ते ३२ टक्के लोकांत तो आढळतो, असे त्या वेळी नमूद करण्यात आले होते.

अशा वेळी वजन घटविणारी इंजेक्शने बाजारात आली आहेत. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड आणि जून २०२५ मध्ये लठ्ठपणासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात उपलब्ध झाले. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतच असल्याने स्वदेशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. औषध स्वस्त होणे ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु स्वस्त औषध अधिक सहजपणे, म्हणजेच अधिक अविचाराने घेतले जाण्याचा धोकाही असतो.

औषध काय करते?

जेवणानंतर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते मेंदूला तृप्तीचा संदेश देते आणि जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते. ही औषधे त्याच संप्रेरकाचे काम दीर्घकाळ करतात. यकृतदाहावर सेमाग्लुटाइडचा जो मोठा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ८०० रुग्णांचे ७२ आठवड्यांचे निष्कर्ष आहेत. औषध घेणाऱ्या ६२.९ टक्के रुग्णांचा यकृतदाह तंतुमयता न वाढता शमला. नुसते नावाचे इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण ३४.३ टक्के होते. याच आधारे अमेरिकेच्या औषध नियामकाने ऑगस्ट २०२५ मध्ये त्याला मान्यता दिली. मात्र ती मध्यम ते प्रगत तंतुमयता असलेल्या, पण सिऱ्हॉसिस नसलेल्या रुग्णांसाठी आहे आणि तीही आहारनियमन व व्यायामासह. सोनोग्राफीत नुसता ‘ग्रेड वन’ दिसला म्हणून इंजेक्शन घ्यावे, असा याचा अर्थ होत नाही.

आरंभापूर्वी

पहिला प्रश्न वजनाचा नसून यकृताच्या अवस्थेचा आहे. वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट या चार गोष्टींवरून ‘फिब-४’ हा अंक काढता येतो. तो १.३ पेक्षा कमी असल्यास गंभीर तंतुमयतेची शक्यता सामान्यत: कमी असते, ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी ही मर्यादा २ धरतात. अंक जास्त असल्यास यकृताचा ताठरपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी करावी. पोटात पाणी झालेले, रक्ताची उलटी झालेले वा कावीळ असलेले सिऱ्हॉसिसचे रुग्ण यकृततज्ज्ञाच्या सल्ल्याविना या वाटेला जाऊच नयेत.

स्वत:ला वा कुटुंबात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग झालेला असेल, तर हे औषध वर्ज्य आहे. पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झाला असेल, पित्ताशयात खडे असतील, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. अपत्याचा विचार करणाऱ्या भगिनींनी सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या वा इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर एकदम उतरू शकते. त्यांची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

घेताना

लठ्ठपणासाठीच्या सेमाग्लुटाइडचा आरंभ आठवड्यातून एकदा ०.२५ मिलिग्रॅमने होतो आणि मात्रा साधारणत: चार-चार आठवड्यांनी वाढते. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून मात्रा वाढविण्याचा अधिकार कोणालाही नाही. वजन फार वेगाने उतरल्यास पित्ताचे खडे होतात. मळमळ, बद्धकोष्ठ, जुलाब हे आरंभीचे त्रास बहुधा निवळतात. मात्र पोटात असह्य वेदना होऊन ती पाठीत जाऊ लागली, उलट्या थांबेनात किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर इंजेक्शन थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना या औषधाची कल्पना द्यावी, कारण उपाशी असूनही जठरात अन्न राहिलेले असू शकते. औषध चिठ्ठीवर, पावतीसह आणि शीतपेटीतून आणलेलेच घ्यावे.

आपल्या घरांतील एक विशेष प्रश्न उपवासाचा आहे. भूक आधीच मंदावलेली, त्यात नवरात्राचे नऊ दिवस किंवा निर्जला एकादशी. परिणामी शरीरातील पाणी कमी होते आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. साबुदाणा आणि बटाटा ही झीज भरून काढत नाहीत. व्रत सोडा असे येथे कोणी सांगत नाही. डॉक्टरांशी बोलून त्याचे स्वरूप ठरवावे, पाणी, ताक, दूध यांत हयगय करू नये आणि एरवी डाळी, उसळी, पनीर यांना ताटात मानाचे स्थान द्यावे. मद्य मात्र पूर्ण वर्ज्य. ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून मिळणारी नाव-गाव नसलेली चूर्णे व काढेही टाळावेत. वैद्यांचे औषध चालू असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये.

साधन आणि साधना

सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचे अभ्यासात दिसले आहे. म्हणजे इंजेक्शन हे साधन आहे, साधना नव्हे. वजन सुमारे ५ टक्के घटले तरी यकृतातील मेद उतरू लागतो. ७ ते १० टक्के घटल्यास दाह व तंतुमयताही कमी होऊ शकते. हे केवळ आहार आणि व्यायामानेही साध्य होते. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०२५ मध्ये स्वयंपाकातील तेल १० टक्के कमी करण्याचे आवाहन केले, त्याचा आरंभ प्रत्येक स्वयंपाकघरात होऊ शकतो.

चरकसंहितेने अतिस्थूल आणि अतिकृश अशा दोघांचाही विचार एकाच अध्यायात केला आहे. आपल्या परंपरेची दृष्टी समतोलाची आहे. परदेशी औषध म्हणून ते नाकारणे जसे अयोग्य, तसे चमत्कार म्हणून त्याच्यापुढे नतमस्तक होणेही अयोग्य. ज्याला गरज आहे त्याने ते नि:संकोच घ्यावे, परंतु सूर्यनमस्कार, चालणे आणि मित आहार यांना सुट्टी देऊ नये. कपाटातील तो अहवाल आज बाहेर काढावा आणि घरातील प्रत्येकाच्या कमरेचा घेर मोजावा. यकृत बोलत नाही; म्हणून कुटुंबानेच त्याची वेळीच विचारपूस करावयाची असते.